जुना ट्रक अचानक डेड होतो : बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

मंडळी, हा फॉल्ट माझ्यासमोर इतक्या वेळा येतो की आता एकदा सगळं बैजवार लिहूनच टाकतो. गाडी व्यवस्थित चालत असते, ड्रायव्हर चहाला थांबतो, परत येऊन चावी फिरवतो आणि काहीच नाही. डॅशचा दिवा नाही, हॉर्न नाही, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नाही. नाहीतर रात्री खड्ड्यात चाक आदळतं आणि हेडलाईटसकट सगळं गुल. मग एकजण म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो वायरिंग जळलं, आणि मालक सकाळी उधारीवर नवीन बॅटरी उचलून आणतो. गंमत म्हणजे नवीन बॅटरीवर गाडी सुरू होते पण! कारण बॅटरी बसवताना टर्मिनल सुटतात, घासले जातात, परत घट्ट होतात, म्हणजे खरा फॉल्ट नकळत तात्पुरता निघालेला असतो. पंधरा दिवसांनी परत तेच, आणि मग "बॅटरी डुप्लिकेट दिली" म्हणून दुकानदाराशी भांडण.

माझं म्हणणं साधं आहे. एक दिवा गेला तर त्या दिव्याकडे बघा, पण सगळं एकदम गेलं असेल तर सगळ्यांचा करंट ज्या एकाच रस्त्याने येतो तिथे बघा. तो रस्ता म्हणजे बॅटरीचे दोन टर्मिनल, जाड केबल, अर्थची पट्टी (इंजिन आणि चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांना जोडणारी), कटऑफ स्विच (बॅटरीचा करंट तोडणारा मेन स्विच) आणि केबिनकडे जाणारी मेन लाईन. जुन्या गाडीत अचानक डेड होण्याची बहुतेक कारणं ह्या चार-पाच जोडांतच सापडतात आणि त्यातली अर्धी तर पान्याने आणि पॉलिश पेपरने निघतात.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे, म्हणजे टाटाची जुनी ४०७, ७०९, १६१३ किंवा त्याच काळातल्या इतर कंपन्यांच्या. ४०७ सारखी छोटी गाडी १२ व्होल्टची, आणि १६१३ सारख्या मोठ्या गाडीला १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट. एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनावर कॉम्प्युटर असतो, त्यांच्यात यातलं पहिलं टर्मिनल-अर्थचं काम सोडून बाकी काही करू नका, टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत तर अजिबात बसू नका.

आधी लक्षण ओळखा

सगळं एका क्षणात ठार झालं, हळूहळू नाही : बॅटरी उतरते तेव्हा आधी हॉर्नचा आवाज बसतो, हेडलाईट पिवळे पडतात, सेल्फ जड फिरतो, म्हणजे ती सांगून जाते. न सांगता गेलं तर कुठेतरी जोड सुटलाय किंवा मेन लाईन तुटलीय.

दिवे झकास लागतात, पण सेल्फ मारला की 'टक्' होऊन सगळा अंधार, आणि चावी सोडली की थोड्या वेळाने दिवे परत येतात : टर्मिनल, अर्थ नाहीतर कटऑफ स्विच. सगळ्यात जास्त गाड्या ह्याच लक्षणाच्या येतात.

सलग 'टकटकटकटक' आवाज : बॅटरी खरंच खाली आहे, किंवा जोड खराब.

एकच जोरात 'टक्', दिवे जराही मंद होत नाहीत : बॅटरीकडे जाऊ नका, आधी इंजिनाची अर्थ बघा, नाहीतर सेल्फचा सोलेनॉइड (करंट मिळाला की ओढला जाणारा चुंबकी खटका) किंवा कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश).

इंजिन चालू आहे पण डॅश, वायपर, लाईट सगळं बंद : केबिनची मेन लाईन किंवा चावीचा स्विच. मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला करंट लागत नाही, त्यामुळे ज्या गाडीत इंजिन बंद करायला केबल ओढावी लागते ती अंधारातही चालत राहते. पण पंपावर सोलेनॉइड असलेली गाडी करंट गेला की बंद पडते, आणि मग ड्रायव्हर डिझेल फिल्टर उघडून, एअर काढून हात काळे करत बसतो. म्हणून इंजिन बंद पडलं तर डिझेलकडे जायच्या आधी हॉर्न दाबून बघा, फुकटची टेस्ट आहे.

लाईट फडफडतात, रेस दिली की पांढरे शुभ्र होतात, बल्ब पटापट उडतात : चालू गाडीत बॅटरीचा जोड सुटलाय किंवा अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, गेलाय. रेस लगेच कमी करा आणि गाडी बाजूला घ्या.

रात्रभर उभी राहिली की सकाळी डेड, आणि दिवसभर ठीक : हा प्रकार वेगळा, कुठेतरी करंट गळतोय. त्याचं शेवटी लिहितो.

फक्त एकच भाग बंद, म्हणजे नुसते वायपर किंवा नुसते इंडिकेटर : सरळ फ्यूजकडे जा, बाकी वाचायची गरज नाही.

हात लावायच्या आधी

रस्त्यात बंद पडली असेल तर तुमच्या टेललाईट पण गेलेल्या आहेत हे लक्षात ठेवा, मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसत नाही. खंबाटकीत किंवा कसाऱ्याला वळणावर उभे असाल तर आधी मागे बरंच लांब त्रिकोण ठेवा, क्लीनरला टॉर्च देऊन रस्त्याच्या कडेला उभा करा, चाकाला गुटका लावा, मग बॉनेट उघडा.

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला ओरडून सांगतो. कडं एका बाजूला प्लसला आणि दुसऱ्या बाजूला चेसीला टेकलं तर त्यातून शेकडो अँपिअर जातात, धातू लाल होतो आणि मनगटाला चिकटतो. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने बॅटरी फुटते, ॲसिड सरळ तोंडावर. टर्मिनल सोडताना आधी मायनस आणि लावताना मायनस शेवटी. का, तर मायनस जोडलेला असताना प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला की डायरेक्ट शॉर्ट. आणि इंजिन चालू असताना बॅटरी काढून "अल्टरनेटर चार्ज करतोय का" बघायची जुनी पद्धत बंद करा, बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळी मारतं आणि अल्टरनेटरमधले डायोड जातात.

सामान काय लागतं? १० आणि १३ चा पाना, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, एक साधा मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, १२ च्या गाडीला १२ चा बल्ब, २४ ला २४ चा. बल्ब कशाला मीटर असताना, असं विचारतात लोक. केबलच्या आत शंभर तारांतली एकच तार शाबूत असेल तरी मीटर पूर्ण १२.६ दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब करंट ओढतो, त्यामुळे जिथे जोड फारच खराब आहे तिथे तो मंद पडतो आणि खरं काय ते सांगतो.

१. कटऑफ स्विच आणि डोळ्यांनी तपासणी

पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. गाडीला बॅटरी कटऑफ असेल तर आधी तो दोन-चार वेळा चालू-बंद करा. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन काळे पडतात, स्विच चालू दिसतो पण करंट जात नाही. फिरवल्यावर गाडी जिवंत झाली तर फॉल्ट सापडला, पण तेवढ्यावर समाधान मानून पुढे पळू नका, स्विच बदलायचा आहे. गावाला पोचेपर्यंत त्याचे दोन्ही लग (केबलच्या टोकाच्या भोकाच्या पट्ट्या) एका बोल्टवर घट्ट आवळून इन्सुलेशन टेप गुंडाळली तरी गाडी जाते, फक्त तो जोड चेसीला टेकणार नाही असा बांधा.

मग बॅटरी बॉक्सचं झाकण उघडून नुसतं बघा. केबल कुठे पत्र्यावर घासली आहे का, कुठे प्लास्टिक वितळलंय का, जळका वास येतोय का. जळका वास असेल किंवा धूर दिसला असेल तर इथेच थांबा, मायनस काढून ठेवा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

२. टर्मिनल

टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने जरासाही हलला तर तो सैल आहे, "थोडा हलतोय पण चालतंय" असं काही नसतं. पुढची टेस्ट : सेल्फ चार-पाच सेकंद मारायचा प्रयत्न करा आणि लगेच दोन्ही टर्मिनलना हात लावा. जो गरम लागेल तिथे करंट अडतोय.

आता हे दिवे लागतात पण सेल्फ नाही असं का होतं ते समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. समजा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार बसून ०.०५ ओहमचा अडथळा आला. एक हेडलाईट १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे जोडात पाव व्होल्ट गेला, डोळ्याला कळणार पण नाही. सेल्फला मात्र फिरताना दोनशे अँपिअर आणि वर लागतात, हिशोबाने दहा व्होल्ट त्या जोडातच खाल्ले जातात आणि सेल्फपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून "लाईट तर लागतेय, म्हणजे कनेक्शन ठीक आहे" हे वाक्य जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मी आधी टर्मिनलच सोडतो.

मीटर असेल तर एक झकास टेस्ट. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरा त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर ठेवा, आणि क्लीनरला सेल्फ मारायला सांगा. दोन्ही एकाच जागी आहेत, त्यामुळे मीटरने जवळपास शून्य दाखवायला पाहिजे. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर त्या दोघांच्या मधला क्षार हाच तुमचा चोर.

साफ करायचं कसं : मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून क्लॅम्प धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत, पण ते पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका, ॲसिड मरतं. क्लॅम्पची आतली बाजू आणि खुंटी पॉलिश पेपरने शिशाचा राखाडी चमकदार रंग येईपर्यंत घासा. कोरडं करून घट्ट बसवा आणि मग वरून वॅसलीन. नट पूर्ण आवळूनही क्लॅम्प फिरत असेल तर क्लॅम्प ताणला गेलाय, नवीन घ्या, फार महाग नसतो. फटीत खिळा ठोकून किंवा पत्र्याचा तुकडा घालून काम भागवतात आणि तोच खिळा पुढच्या खड्ड्यात निसटतो. आणि हातोडीने ठोकून तर कधीच बसवू नका, आत प्लेटचा जोड तुटतो, मग बॅटरी खरोखरच बदलावी लागते.

क्लॅम्प चकाचक पण केबलचं काय? लगजवळ केबल बोटांनी दाबा. आत कुरकुर लागली किंवा फुगलेली वाटली तर इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं होऊन कुजलंय. ती केबल टेप लावून वाचत नाही, लगसकट नवीन करून घ्या, आणि लग नीट प्रेस करून आणा, नुसता हातोडीने चेपून नाही.

३. अर्थ

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच्याकडे होतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त त्रास पण हाच देतो. बॅटरीचा मायनस चेसीला जोडलेला असतो, पण इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि चेसी यांच्यामध्ये तांब्याच्या विणीची एक पट्टी असते. ती खाली, ऑईल आणि चिखलात, हलून हलून एक एक तार तुटत जाते. क्लचचं काम करताना गिअरबॉक्स उतरवतात आणि चढवताना ही पट्टी लावायलाच विसरतात, असंही खूप वेळा होतं. म्हणून गाडीचं क्लचचं काम नुकतंच झालंय का हे मी आधी विचारतो.

नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जाणारी एक ४०७ अशीच आली होती. बॅटरी नवी, टर्मिनल नवे, सेल्फ बांधून आणलेला, तरी सेल्फ मारला की नुसता 'टक्'. ड्रायव्हर सहज म्हणाला, ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते हो हल्ली. तिथेच समजलं. अर्थची पट्टी तुटल्यावर सेल्फचा करंट परत जायला दुसरा रस्ता शोधतो, आणि इंजिन ते चेसी-केबिन जोडणारी जी लोखंडी वस्तू सापडेल तिच्यातून जातो, ॲक्सिलरेटर केबल, मीटरची केबल, काहीही. ती बारीक तार तेवढा करंट कुठून नेणार, ती तापते, तिचं आवरण वितळतं आणि पुढे केबल जाम होते. ॲक्सिलरेटर जाम झालेली भरलेली गाडी उतारावर म्हणजे काय, ते सांगायला नको. पट्टी बदलली, सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

टेस्ट एकदम सोपी. जंपर केबलची (एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरीला करंट द्यायची जाड केबल) एक वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीला, दुसरं इंजिनाच्या रंग नसलेल्या एखाद्या जाड बोल्टला. गाडी न्यूट्रलमध्ये घालून सेल्फ मारा. फिरला, तर अर्थच खराब आहे, दुसरं काही शोधू नका. मीटरने करायचं तर एक प्रोब मायनस खुंटीवर, एक इंजिन ब्लॉकवर, सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेला तर अर्थला हात घालायचाच. इंजिन सुरू होऊ नये म्हणून टेस्ट करताना स्टॉप केबल ओढून धरा. पट्टी लावताना चेसीवरचा रंग आणि गंज खरवडून पांढरं लोखंड दिसू द्या, नाहीतर नवीन पट्टीसुद्धा रंगावर बसून काम करणार नाही. केबिनची अर्थ वेगळी असते, डॅशचे दिवे विचित्र वागत असतील, म्हणजे इंडिकेटर दिला की दुसराच दिवा मिणमिणतो वगैरे, तर ती बघा.

४. फ्यूज

जुन्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, सिरॅमिकवर पट्टी असलेले फ्यूज असतात. बरेचदा पट्टी शाबूत असते पण टोकांना गंज चढलेला असतो. जागच्या जागी बोटाने गोल फिरवा, लाईट आली तर होल्डरच्या पाती घासून थोड्या आत दाबा. पात्यांचे नवे फ्यूज असतील तर रंगावरून अँपिअर कळतो, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच लावा. सिगारेटची चांदी, तांब्याची तार, खिळा, हे लावून लोक शंभर किलोमीटर जातात आणि एकशेएकाव्याला हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) पेटतं, डिझेलची टाकी फार लांब नसते हो. फ्यूज परत उडाला तर तो वायर वाचवतोय, त्याच्यावर राग काढू नका. काही गाड्यांत मेन लाईनवर पण मोठा फ्यूज असतो, बॅटरी बॉक्सजवळ किंवा सेल्फच्या आसपास, सगळं ठार असेल तर तो शोधून बघाच.

५. आता बॅटरी

होय, पाचव्या नंबरला. गाडी काही तास उभी असेल तेव्हा मोजा, आणि चार्जिंगवरून नुकतीच आली असेल तर आधी एक मिनिट हेडलाईट लावून बंद करा, नाहीतर मीटर वरवरचं चार्ज दाखवतो. १२.६ किंवा वर म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलाय, ती बॅटरी चार्ज करून उपयोग नाही. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) असेल तर प्रत्येक बुचातून बघा, १.२६ ते १.२८ चांगलं, आणि बाकी सारखे असताना एकच सेल खाली असेल तर तोच दोषी. सेल्फ मारताना १२ व्होल्टची गाडी साधारण साडेनऊच्या खाली आणि २४ ची एकोणीसच्या खाली जाता कामा नये.

बॅटरी अचानक जाण्याचा एक खरा प्रकार आहे तोही सांगतो. आतली सेल जोडणारी पट्टी तडकते, बहुधा बॅटरी बॉक्समध्ये क्लॅम्पने आवळलेली नसते आणि नाचत असते म्हणून. अशी बॅटरी नुसती मोजली तर साडेबारा दाखवते, हेडलाईट लावला की खुंटीवरच व्होल्टेज कोसळतं. प्रोब खुंटीवर ठेवून हे दिसलं तरच बॅटरी बदला.

२४ व्होल्टच्या गाडीवाल्यांनो, हे नीट वाचा. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एकत्र नाही. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल तर बेरीज २४.६ येते आणि मीटर बघून वाटतं सगळं बरं आहे. हे होतं कशाने, तर गाण्यांचा टेप, मोबाईल चार्जर, केबिनमधला पंखा १२ व्होल्टचे असतात आणि ते एकाच बॅटरीवरून ओढलेले असतात. ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, अल्टरनेटर दोघींना मिळून २८ देतो, त्यात दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवते आणि पहिली कायम उपाशी. मग एका रात्री सगळं बंद. १२ व्होल्टचं सगळं सामान २४ ते १२ च्या कन्व्हर्टरवर टाका. आणि बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीने, एकाच अँपिअर-अवरच्या (Ah), एकदमच, एक जुनी एक नवी लावली तर नवी पण लवकर म्हातारी होते.

६. चार्जिंग

चालता चालता लाईट मंद होत होत गेली असेल तर हे आधी बघा. बेल्ट अंगठ्याने मध्यभागी दाबा, साधारण १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला की पावसात घसरतो आणि किंचाळतो. इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा : १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४, २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८. कमी आलं तर अल्टरनेटरच्या जाड वायरचा नट आधी इंजिन बंद करून, मायनस काढून आवळा, तो सैल असतो बरेचदा. १५ किंवा ३० च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, अशी गाडी लांब चालवू नका, बॅटरी उकळते.

आणखी एक, डॅशवरचा चार्जिंगचा छोटा लाल दिवा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, बल्ब उडाला तर अल्टरनेटर चांगला असून चार्ज करत नाही. किरकोळ बल्बपायी अल्टरनेटर खोलून ठेवलेला पाहिलाय मी.

७. चावीचा स्विच आणि मेन लाईन

इथून पुढे जरा किचकट. बऱ्याच गाड्यांत केबिनची मेन लाईन बॅटरीवरून सरळ येत नाही, सेल्फच्या मोठ्या बोल्टवरून येते. तो बोल्ट सैल झाला की सेल्फ, अल्टरनेटर, केबिन सगळ्यांवर परिणाम. मायनस काढूनच आवळा, तो बोल्ट कायम जिवंत असतो.

मग टेस्ट लॅम्पची एक वायर चांगल्या अर्थला आणि दुसरी स्विचच्या मागे. बऱ्याच स्विचवर ३०, १५, ५० असे आकडे असतात : ३० वर बॅटरीचा करंट कायम, १५ वर चावी ऑन केल्यावर, ५० वर फक्त सेल्फ मारताना. ३० वरच बल्ब लागत नसेल तर फॉल्ट मागे लाईनमध्ये आहे. ३० वर लागतो, चावी ऑन करूनही १५ वर नाही, म्हणजे स्विच. चावी थोडी हलवली की येतं-जातं, चावीच्या जुडग्यात गोडाऊनच्या पण चार किल्ल्या लटकताहेत, तर तेच. मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढून बघा, पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर जास्तीचे हॉर्न, एलईडी पट्ट्या, सगळं त्या स्विचवरून रिलेशिवाय (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा डबा) चाललंय. नुसता स्विच बदलून भागणार नाही, ते लोड रिलेवर टाका, नाहीतर नवीन स्विच पण जळेल.

८. शॉर्ट आणि गळती

फ्यूज सारखा उडत असेल तर फ्यूजच्या जागी २१ वॉटचा टेस्ट बल्ब लावा. शॉर्ट असेल तोपर्यंत बल्ब पूर्ण लागेल आणि वायर जळणार नाही. मग एक एक कपलर काढत जा, बल्ब मंद झाला किंवा विझला की शॉर्ट त्या फांदीवर. आधी बघायच्या जागा : टेललाईटची वायर चेसीवरून जाते तिथे बॉडीच्या यू-बोल्टखाली चेपलेली असते, सायलेन्सरजवळ, आणि केबिनच्या पत्र्यातून वायर आत येते तिथला रबर गळून पडलेला असतो. धान्य, पेंड वाहणाऱ्या गाडीत उंदीर, डॅशखाली लेंड्या दिसल्या तर समजून जा.

रात्रीत डेड होणाऱ्या गाडीत मायनस काढून केबल आणि खुंटीच्या मध्ये तोच बल्ब लावा, सगळं बंद असताना तो लागता कामा नये. लागला तर एक एक फ्यूज काढा. सगळे फ्यूज काढूनही लागतोय तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा, विझला म्हणजे डायोड गेलाय. बारीक गळती बल्बवर दिसत नाही. त्यासाठी एक खूण सांगतो : रात्रभर उभी असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर डायोडच.

कुठे थांबायचं

धूर, जळका वास, किंवा हात ठेवता येणार नाही इतकी गरम वायर : मायनस काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियन येईपर्यंत परत लावू नका. फुगलेली, तडकलेली किंवा ॲसिड गळणारी बॅटरी असेल तर हात लावू नका, जंप तर नाहीच. १२ च्या गाडीला २४ च्या गाडीवरून जंप करू नका, बल्बपासून डॅशच्या मीटरपर्यंत सगळं उडतं. गॅस, पेट्रोल, केमिकलचा टँकर असेल तर ठिणगी पडेल असं काहीच स्वतः करायचं नाही, कंपनीचा माणूस बोलवा. बल्ब लावूनही शॉर्ट सापडत नसेल, किंवा हार्नेस दोन-तीन ठिकाणी वितळलेलं असेल, तर टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, ते बदलण्याचं काम वायरमनचं. सेल्फ आणि अल्टरनेटर आतून बांधणं पण बेंचवरचं काम. सेल्फवर हलकेच टॉमी (लोखंडी दांडा) आपटून अडकलेला कार्बन सुटतो, एकदा घरी पोचायला ठीक आहे, रोजचा धंदा करू नका. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करून गाडी सुरू करणाऱ्याला माझं हात जोडून सांगणं आहे, गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती सरळ तुमच्या अंगावर येते.

आणि चेसीवर वेल्डिंग करायचं असेल तर त्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायला लावा, "दोनच टाके मारायचेत" म्हटलं तरी.

इलेक्ट्रिशियनला फोन करताना एवढं सांगा : गाडी १२ ची की २४ ची, सगळं गेलं की एकच भाग, अचानक की हळूहळू, सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात, आणि गेल्या महिन्यात क्लच, वेल्डिंग, टेप यातलं कुठलं काम झालंय. एवढं कळलं तर तो येताना योग्य सामान घेऊन येईल आणि तुमची एक फेरी वाचेल.